मण्यांच्या माळेतला दोरा

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा इतिहास लिहिते हे धाडसच. पण गेल्या मे महिन्यात माहेरी भाचीच्या रुखवतासाठी मण्यांचे तोरण करीत होते, तो दोरा संपला. दुकान लांब. आईने जुन्या लुगड्याच्या काठाचे रेशीम उसवले, सुताबरोबर पीळ दिला, टोकाला मेण लावले. सुईसुद्धा लागली नाही. दादा हसून म्हणाला, "रिकामपणचा उद्योग! तयार तोरण मिळते की."

मला ते लागले. मग मी त्याला नेवाशाची हकीकत सांगितली.

ज्ञानेश्वरीच्या खांबाच्या दर्शनाला आपण नेवाशाला जातो. तेथेच प्रवरेकाठी १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांचे सहकारी यांनी उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ती वस्ती. लहान मूल गेले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यांत ठेवून, घराच्याच जमिनीखाली पुरीत. लांब न्यायला आईचे मन धजत नसेल, दुसरे काय? अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. सूत एरवी मातीत कुजायचे, ते तांब्याच्या कळंकाने टिकले. तपासले तर दोऱ्यात कापूस आणि रेशीम, दोन्ही!

दादा काही बोलला नाही. तोरणाला शेवटी चौदा मणी कमी पडले. आईच्या तुटलेल्या माळेचा डबा माळ्यावरून त्यानेच काढून दिला.