एका जावाचे तीन कालखंड

स्मरणिका समितीने ‘विषय कोणताही घे, पण तो आपल्या भागाचा असावा’ एवढीच अट घातली. शाळेतल्या आठवणी बाकीचे मित्र माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. म्हणून मी एका मोटरसायकलबद्दल लिहितो आहे. १९७१ सालची ही जावा मी २०२० ते २०२३ या काळात घरीच पूर्ण खोलून पुन्हा उभी केली. ते करताना माझ्या लक्षात आलं, की या गाडीच्या अंगावर आपल्या भागाचा पन्नास वर्षांचा इतिहास लिहिलेला आहे. आपल्या वर्गातल्या बऱ्याच जणांच्या घरी असं एखादं यंत्र असेल किंवा होतं, म्हणून हे सगळ्यांना सांगावंसं वाटलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे आहेत, एमएच ११ आणि एमएच १०. पण संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये आपला जिल्हा झाला तो ‘दक्षिण सातारा’ या नावाने. ‘सांगली’ हे नाव त्याला १९६० मध्ये मिळालं. यंत्रांच्या बाबतीत तर हा मुलूख एकच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, किर्लोस्करवाडी वसवली. कराडजवळ १९१६ मध्ये ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी गेला. सातारा रोडला १९२२ मध्ये धनजीशहा कूपर यांचा कारखाना सुरू झाला. नांगरापासून निघालेले हे दोन्ही उद्योग पुढे पंप आणि इंजिनांपर्यंत पोचले, आणि त्यांच्या आसपास लेथवाले, वेल्डर, फिटर, ओतारी यांची एक मोठी जमात तयार झाली. मिरजेत तर त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, शस्त्रांना धार लावणारे शिकलगार सतार-तंबोरे करू लागले होते. हातातली विद्या तीच ठेवायची आणि काळाप्रमाणे वस्तू बदलायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे.

आता जावा. झेकोस्लोव्हाकियातल्या यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ मध्ये ‘वाँडरर’ या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलचे हक्क विकत घेतले. ‘यानेचेक’मधला ‘जा’ आणि ‘वाँडरर’मधला ‘वा’ मिळून ‘जावा’ झालं. योगायोग असा, की सांगलीचा आयर्विन पूलही त्याच सालचा. भारतात म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून ही गाडी बनू लागली. पुढे सत्तरच्या दशकात तिचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला.

२५० सीसीचं एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तोच किक होतो. गिअर टाकताना त्याच दांड्याने क्लचही सुटतो, त्यामुळे डावा हात मोकळा राहिला तरी चालतं. टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं. झडपा नाहीत, कॅम नाही. चार पाने आणि एक स्क्रू-ड्रायव्हर असला की बांधावर बसूनही इंजिनाचं डोकं उतरवता येतं. उसाच्या पट्ट्यात ही गाडी का रुजली, त्याचं उत्तर एवढ्यातच आहे.

माझे वडील पंप आणि इंजिन दुरुस्तीचं काम करत. कृष्णाकाठची गावं आणि पूर्वेकडचा दुष्काळी टापू, दोन्हीकडे त्यांची फिरती असे. ते एक वही ठेवत. कोणत्या गावात, कोणाचं इंजिन, काय बिघाड, किती पैसे, आणि त्याच पानावर गाडीसाठी काय केलं याची नोंद. वडील २०१७ मध्ये गेले. ही वही माळ्यावर होती, म्हणून २०१९च्या पुरातून वाचली. गाडी मात्र खाली पडवीत होती.

त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आपल्यापैकी कितीतरी जणांची घरं त्या आठवड्यात पाण्यात होती, त्याचं वर्णन मी वेगळं करायला नको. पाणी ओसरल्यावर गाडीच्या टाकीपर्यंत गाळ होता. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. मी ती टेंपोत घालून साताऱ्याला, माझ्या राहत्या घरी नेली. पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि रोजची संध्याकाळ मोकळी झाली.

पुरातल्या गाडीचं खरं नुकसान आत असतं. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि मग वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील धड असावे लागतात. सील गळला की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन चिकटतो. माझ्या गाडीत सील कडक होऊन तडकले होते, बेअरिंग गंजले होते आणि क्रँकवर नदीचा बारीक गाळ वाळून सिमेंटासारखा बसला होता. नुसतं धुऊन किक मारली असती तर तो गाळ पॉलिश पेपरासारखा सगळीकडे फिरला असता. केस फोडण्याला पर्याय नव्हता.

क्रँकचं काम घरी होत नाही. पिन प्रेसवर काढावी लागते, नवा कनेक्टिंग रॉड बसवून क्रँक डायल लावून सरळ करावा लागतो. ते कुपवाड एमआयडीसीतल्या एका वयस्कर कारागिराने केलं. सिलिंडरचा मूळ बोअर ६५ मिलिमीटर. वडिलांच्या वहीत दोनदा बोअर केल्याची नोंद होती, आणि सिलिंडर मोजल्यावर ती खरी निघाली. आणखी बोअर करण्याऐवजी नवा लायनर बसवून तो पुन्हा ६५ वर आणला. बाकी सगळं, म्हणजे स्पोक, वायरिंग, ब्रेक, गिअरबॉक्स, घराच्या गच्चीवर झालं. आठवीत टेक्निकल विषय घेऊन कानस घासताना आपण सर्वांनी सरांच्या पाठीमागे तोंडं वाकडी केली होती. घासलेला पृष्ठभाग गुण्यात आहे का, हे उजेडासमोर धरून बघायची त्यांची सवय इथे कामाला आली.

खरा प्रश्न रंग द्यायच्या आधी आला. सांगाडा घासून नागवा केला, तेव्हा मागच्या बाजूला चार लोखंडी कान वेल्ड केलेले दिसले. ते कारखान्याचे नव्हते. वहीत १९७२ सालच्या पानावर त्यांचा उलगडा सापडला: ‘मागे स्टँड केले. पंप नेणे.’ त्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या, लोक पंप खाली उतरवत होते, इंजिनं रात्रंदिवस चालून बसत होती. एसटी वेळेला मिळत नव्हती, बैलगाडीला दिवस जायचा. म्हणून वडिलांनी गाडीलाच मालवाहू केलं. पुढच्या महिन्यांच्या नोंदींत जत आणि आटपाडीकडच्या गावांची नावं ओळीने येतात.

दुसरा बदल विजेचा. जावाला मुळात ६ व्होल्टचा डायनॅमो. दिव्याचा उजेड कंदिलाच्या जरा पुढे. वडिलांनी नंतर सगळं १२ व्होल्टवर नेलं आणि मोठा हेडलाइट बसवला. कारण शेतीपंपाची वीज रात्री यायची. भारनियमनाच्या काळात मोटर जळायची ती रात्री दोन वाजता, आणि मेकॅनिकला बोलावणंही तेव्हाच यायचं. उसाच्या पाणंदीतून त्या उजेडाशिवाय जाता येत नव्हतं.

जुन्या गाड्यांचे जाणकार मित्र म्हणाले, ‘कान कापून टाक, ६ व्होल्ट परत आण, गाडी मूळ रूपात ने.’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी करता येते, पण त्यासाठी ती मूळ स्वरूपात असावी लागते. चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. माझी गाडी वयाने त्यात बसत होती. मूळ रूपातल्या जावाला आज किंमतही चांगली येते.

मी बरेच दिवस विचार केला. मूळ रूप म्हणजे म्हैसूरच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडली तो दिवस. ते रूप हजारो गाड्यांचं सारखंच होतं. त्यानंतरची पन्नास वर्षं फक्त या एका गाडीची आहेत. ते चार कान कापले असते, तर बहात्तरच्या दुष्काळात एक माणूस गावोगाव पंप पोचवत होता याचा लोखंडातला एकमेव पुरावा गेला असता. म्हणून कान ठेवले. वेल्डिंगची जाड रेघही घासून गुळगुळीत केली नाही. रंग मात्र मूळचाच, तपकिरी-लाल. वडिलांनी कागद वेळच्या वेळी नवे करून घेतले होते, त्यामुळे साध्या नूतनीकरणावर जुना नंबर कायम राहिला. व्हिंटेजची पाटी तिला नाही.

बदल म्हणजे काहीही करावं असंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातले कंपनीचे मूळ तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. सायलेन्सर काढून फटफटाट करणं किंवा सांगाडा कापून लांबवणं हा हौसेचा बदल झाला. वडिलांचे दोन्ही बदल पोटाच्या आणि गरजेच्या कारणाने झाले होते. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

तिसरा बदल माझा. आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं. म्हणून पेट्रोलचे पाइप, कॉकचे वायसर आणि कार्ब्युरेटरमधली पॅकिंग त्याला टिकणारी बसवली, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करतो. यातली गंमत बघा. ज्या उसाच्या पैशावर आपल्या भागात जावा आली, त्याच उसाचं इथेनॉल आज तिच्या टाकीत आहे. वहीतलं शेवटचं कोरं पान मी उघडलं आणि तारीख घालून ही नोंद केली.

मित्रांनो, आपल्या घरांत अजून किती तरी अशा वस्तू असतील: आजोबांचं कूपर इंजिन, आईचं शिलाई मशीन, सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली एखादी प्रिया. विकायच्या किंवा चकचकीत करायच्या आधी त्यांच्यावरचे ओरखडे, जोड, जास्तीची भोकं नीट बघा आणि घरात ज्यांना त्यांचं कारण माहीत आहे त्यांना विचारून कुठेतरी लिहून ठेवा. माहीत असणारी माणसं कमी होत चालली आहेत. स्नेहमेळाव्याला मी साताऱ्याहून गाडीनेच येणार आहे. ज्याला किक मारून बघायची असेल त्याने जरूर मारावी. फक्त दांडा आधी आत दाबायचा, हे विसरू नये.