बारामती व इंदापूर : कर्जखत, वारसा आणि वृद्धांची हत्या

वृद्धांच्या हत्यांचा ऐतिहासिक कल अभ्यासताना पहिली अडचण नोंदींची येते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत खुनाची व्याख्या होती. परंतु बळी पडलेल्याच्या वार्धक्यास त्या व्याख्येत स्थान नव्हते. साठ वर्षांवरील व्यक्तींविरुद्धच्या गुन्ह्यांची पृथक् गणना देशपातळीवर २०१४ पासून होऊ लागली. त्यापूर्वीच्या काळापुरते, वयापेक्षा मारणारा व मरणारा यांमधील संबंधच तपासणे प्राप्त होते.

या दृष्टीने बारामती व इंदापूर हे तालुके उद्‌बोधक आहेत. १२ मे १८७५ रोजी, तेव्हाच्या भीमथडी व आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे, बाजारच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला. हे लोण इंदापुरातही पोहोचले. चौकशी आयोगाच्या निष्कर्षानुसार दंगेखोरांचा रोख कर्जखतांवर होता. खते निमूटपणे हाती आल्यास बहुधा पुढे काही घडत नसे; नकार मिळाल्यास धाकासाठी बळाचा वापर होई. द्वेष तीव्र होता, तरी ऋणाचा जीव कागदात होता. कागद जळाला की सावकाराचा प्राण घेण्याचे प्रयोजन उरत नसे.

वारशाचे स्वरूप याहून भिन्न होय. १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला व त्याच्या लाभक्षेत्रातील जमिनीचे मोल वाढले. मिताक्षरा पद्धतीत वडिलोपार्जित मिळकतीवर पुत्राचा जन्मसिद्ध हक्क असे. परंतु विधवेकडे आलेली मर्यादित हक्काची मिळकत पुढील वारसास तिच्या मृत्यूनंतरच मिळे. येथे जाळण्याजोगे खत नव्हते. वृद्धेचे आयुष्य हाच अडसर होता. अशा रचनेतून खून घडतोच असे नव्हे. मात्र प्रलोभनाचे स्थान तीत स्पष्ट दिसते.

कायद्यानेही ते ओळखले. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयावरील एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने १९२४ मध्ये, खुनी वारस अस्तित्वातच नाही असे मानावे, असा निर्णय दिला. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २५ ने खुन्यास वारसाहक्कातून वगळले. २००७ च्या अधिनियमाने आणखी पुढचे पाऊल टाकले. सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, वृद्धास परत मागता येते.

तात्पर्य, केवळ वयानुसार केलेली मोजणी अपुरी ठरते. मिळकत कागदाने हस्तांतरित होते की मृत्यूने, हा प्रश्न तिच्या जोडीस घेतल्यावाचून या कलाचा उलगडा होणार नाही.