चंद्रावरची सावली

ईदची कोर शोधणाऱ्या माझ्यासारख्या कवीला चंद्र नितळच हवा असतो. इ. स. १६०९च्या जुलैत इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटने दुर्बिणीतून चंद्र पाहून चित्र काढले. वेडीवाकडी रेघ आणि काही डाग, एवढेच. त्याच वर्षअखेरीस इटलीतल्या पादुआत गॅलिलिओने तपकिरी शाईचे पातळ हात देत कुंचल्याने चंद्र रंगवला. त्याची दुर्बीण अधिक ताकदीची होती, हे खरे. पण चित्रकलेचा त्याला सराव होता. उजेड-सावलीची भाषा येत होती. म्हणून डागांत त्याला डोंगर-दऱ्या दिसल्या. १६१०मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि पुढे हॅरियटच्याही चित्रांत खळगे उमटले! यंत्र निसर्गाला जवळ आणते. तो ओळखायला मात्र चित्र काढून तयार झालेली नजर लागते, असे मला वाटते.