खेळायला बसलेल्या माता: न्यूझीलंडच्या ‘प्लेसेंटर’ चळवळीचा इतिहास

१/९ सन १९४१. न्यूझीलंडचे सैनिक ग्रीस आणि क्रीटच्या रणभूमीवर लढत होते. मागे कित्येक तरुण माता तान्ह्या-लहानग्यांसह घरात एकट्या पडल्या होत्या. त्या एकटेपणातून बालशिक्षणाच्या इतिहासातील एक आगळी चळवळ उभी राहिली. तिच्याविषयी हा धागा. 🧵

२/९ त्या काळी तेथील बालसंगोपनावर डॉ. ट्रुबी किंग यांच्या विचारांचा पगडा होता. १९०७ साली त्यांनी स्थापन केलेल्या प्लंकेट संस्थेची शिकवण काटेकोर होती: दूध घड्याळ पाहून, झोप ठरल्या वेळी. मुलाला वारंवार कुशीत घेणे म्हणजे त्याला बिघडवणे. या शिस्तीत आईने मुलाशी खेळण्याला फारसे स्थान नव्हते.

३/९ बिॲट्रिस बीबी, जोन वुड आणि इंगे स्मिथेल्स या वेलिंग्टनमधील स्त्रियांनी वेगळी वाट धरली. कॅरोरी या उपनगरात १९४१ साली पहिले प्लेसेंटर सुरू झाले. हेतू दुहेरी होता: मुलांना सवंगडी मिळावेत आणि आईला घटकाभर उसंत.

४/९ व्यवस्था साधी होती. काही माता आळीपाळीने सर्व मुलांसोबत थांबत, उरलेल्या मोकळ्या होत. वाळू, पाणी, रंग, चिकणमाती, लाकडी ठोकळे समोर मांडलेले असत. काय खेळायचे, हे मूल ठरवी.

५/९ किंडरगार्टन न्यूझीलंडला नवे नव्हते. पण तेथे कारभार प्रशिक्षित शिक्षिकेच्या हाती असे. प्लेसेंटर मात्र पालकच चालवत. आपल्या मुलाला इतर मुलांमध्ये भांडताना, रुसताना, पुन्हा जुळवून घेताना पाहण्याची संधी आईला येथे मिळाली. उसंतीसाठी आलेली आई मुलाकडे नव्याने पाहू लागली.

६/९ या अनुभवाला वैचारिक बैठक दिली ग्वेन सॉमरसेट यांनी. फिल्डिंग येथील लोकशिक्षण केंद्रात त्यांनी आधीच प्रौढांच्या आणि बालकांच्या शिक्षणाची सांगड घातली होती. १९४८ साली प्लेसेंटरांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. पालकांचे प्रशिक्षण हा चळवळीचा कणा ठरला.

७/९ १९६० च्या दशकात माओरी शिक्षण प्रतिष्ठानच्या वतीने लेक्स ग्रे यांनी ग्रामीण माओरी वस्त्यांत अशी केंद्रे उभारण्यास साहाय्य केले. पुढे १९८२ साली माओरी भाषा वाचवण्यासाठी ‘कोहांगा रेओ’ म्हणजे ‘भाषेची घरटी’ सुरू झाली. तीही कुटुंबांच्या सहभागावरच उभी होती.

८/९ या इतिहासात एक विसंगतीही आहे. मातांना मोकळीक देण्यासाठी जन्मलेली चळवळ त्यांच्याच विनावेतन श्रमांवर चाले. विवाहित स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरी करू लागल्या, तशी केंद्रात बसायला माणसे मिळणे कठीण झाले. दिवसभर मूल सांभाळणारी व्यवस्था हवी असलेल्या आईला प्लेसेंटर पुरे पडत नव्हते.

९/९ तरीही प्लेसेंटरे आजही चालू आहेत, आणि आता तेथे वडीलही येतात. मुलासोबत जमिनीवर बसून वाळूत हात घालण्याइतका वेळ पालकाला कोणी मिळवून द्यायचा, हा १९४१ चा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.