काल तर चालत होता!

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या, त्या दिवसांतली गोष्ट. पूर्णगडच्या खाडीत, मुचकुंदीच्या मुखाशी, एका होडीचा शाफ्ट तुटला. शाफ्ट म्हणजे इंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा पोलादी दांडा. इंजिनावर माझा एक जुना विद्यार्थी होता. "यानेच गिअर आदळला," असं सगळे म्हणू लागले. नुकसानही त्याच्याच पगारातून कापायची भाषा सुरू झाली. तो माझ्याकडे आला. "सर, काल तर व्यवस्थित चालत होता!"

मी भाषा शिकवणारा माणूस. तरी तुटलेला तुकडा बघायला गेलो. तुटल्या जागी दोन भाग स्पष्ट दिसत होते. मोठा भाग गुळगुळीत आणि गंजून काळपट झालेला. त्यावर ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा कमानदार रेषा. उरलेला छोटा भाग खडबडीत, ताजा, चकाकणारा. म्हणजे त्या दिवशी तुटला तो एवढाच छोटा भाग. बाकीची चीर आधीपासूनच आत वाढत होती.

याला धातूचा थकवा म्हणतात. एका धक्क्याने न तुटणारं लोखंड हजारो लहान धक्क्यांनी तुटतं. हे माणसाला फार महागात शिकावं लागलं. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या रेल्वेच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने वर्षानुवर्षं आस फिरवून, वाकवून हिशेब मांडला. त्याला आढळलं, की ताण एका मर्यादेखाली असेल तर पोलाद जवळजवळ कायम टिकतं. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. आणि खाऱ्या पाण्यात पोलादाचीही ही सवलत जाते. आपल्या किनाऱ्यासाठी हे वाक्य सर्वात महत्त्वाचं.

विमानांनी हाच धडा पुन्हा गिरवला. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमानं इटलीजवळ समुद्रात कोसळली. जानेवारीत ३५ आणि एप्रिलमध्ये २१ जण गेले. इंग्लंडमध्ये तशाच एका विमानाचं धड पाण्याच्या टाकीत ठेवून पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा ते थकव्याने फाटलं.

लहान विमानात हा मार चाकांच्या पायांवर जास्त बसतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. तेव्हाचं जुहू म्हणजे मातीचं मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, मग विमानं पुण्याला येरवड्याहून उडत. आजही जगात जिथे पक्की धावपट्टी नाही, तिथे अशी विमानं दगडगोट्यांवर उतरतात. प्रत्येक उतरणीला पाय वाकतो, सरळ होतो. बोल्टच्या छिद्रापाशी, ओरखड्यात, गंजाच्या खड्ड्यात चीर जन्मते. एक दिवस अगदी हलक्या उतरणीला पाय मोडतो आणि दोष वैमानिकाला लागतो.

उपाय साधा आहे. उतरणी मोजायच्या, भाग ठरल्या वेळी काढायचा, पुसायचा, लाल रंग लावून पुन्हा पुसायचा. वर पांढरी भुकटी फवारली, की चिरेत मुरलेला रंग लाल रेघ होऊन बाहेर येतो. जेआरडींनी १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, कराची ते जुहू हे उड्डाण पुन्हा केलं, तेही १९३० च्या दशकातल्या लेपर्ड मॉथ विमानातून. जुनं लोखंड वाईट नसतं. न तपासलेलं लोखंड वाईट.

मी तो तुकडा होडीमालकाला दाखवला. म्हटलं, "चाचा, हा गंज एका दिवसाचा आहे का?" ते बराच वेळ बोटाने त्या रेषा चाचपत राहिले. पगार कापला गेला नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होडी तेव्हा वर ओढलेलीच असते. जाळी विणताना एक दिवस शाफ्टही काढून पाहा. "काल तर चालत होता" हा काही पुरावा नव्हे.