पिवळ्या गळ्याची रानचिमणी

सिल्वासा म्हटले की २ ऑगस्ट १९५४ चा मुक्तिदिन आमच्या वाचकांस आठवतो. परंतु दादरा-नगर हवेलीचा सुमारे दोन पंचमांश भाग रान म्हणून नोंदलेला आहे. आणि अशा साग-मोहाच्या कोरड्या रानांत वावरणाऱ्या एका इवल्या जिवालाही इतिहास आहे. तो जीव म्हणजे रानचिमणी.

घरचिमणीहून ही फिकट. नराच्या खांद्यावर तांबूस पट्टा, आणि गळ्यावर हळदीचे बोट टेकवावे तसा पिवळा ठिपका. बिया टिपणे हा तिचा नित्यक्रम. मोह फुलला की त्यातील मधही ती चाखते. घरटे मात्र जुन्या झाडाच्या ढोलीत, ऐन उन्हाळ्यात.

१९०८ च्या सुमारास मुंबईतील एका शाळकरी मुलाने छऱ्याच्या बंदुकीने असा एक पक्षी पाडला. गळ्यावरचा डाग पाहून तो थबकला : हा पक्षी खाणे आपल्या धर्मास संमत आहे काय? निर्णयार्थ तो मामांकडे गेला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी जाणते शिकारी; परंतु पक्षी त्यांसही ओळखता येईना. त्यांनी भाच्यास १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तेथील मानद चिटणीस मिलर्ड यांनी पक्ष्याचे नाव तर सांगितलेच, शिवाय कपाटांचे खण उघडून संग्रहही दाखविला. तो मुलगा म्हणजे पुढे विख्यात झालेले पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रास त्यांनी याच चिमणीच्या पतनाचे नाव दिले.

आम्हां वकिलांस यात एक बोध दिसतो. मुलाने विचारले, ‘हे चालते की नाही?’ उत्तर शोधता शोधता प्रश्नच पालटला : ‘हे आहे तरी काय?’ आम्ही मात्र बहुधा पहिल्याच प्रश्नावर थांबतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्षी, अंडी व घरटी यांस अभय दिले, हे योग्यच झाले. परंतु माघात रिकामी दिसणारी ढोल वठलेले लाकूड समजून तोडली जाते. त्यात कोणास अपराध दिसत नाही, आणि चैत्रात परतलेली चिमणी निराश्रित होते.

देवळाच्या आवारातील जुना वृक्ष ‘सुशोभीकरणा’साठी तोडण्यापूर्वी आमच्या विश्वस्तांनी एकदा मान वर करून पाहावे. त्या ढोलीत कोण राहते, एवढे विचारावे.