बिटमॅपच्या मापांची कुळकथा

कॅमेऱ्याच्या संवेदकाकडून संगणकाला मिळते ती केवळ आकड्यांची लांबलचक रांग. तिचे चित्र होते ते सोबत येणाऱ्या चार-पाच मापांमुळे, आणि त्यातील प्रत्येक माप कोणत्या ना कोणत्या यंत्राच्या गरजेतून जन्मलेले आहे.

रुंदी आणि उंची ही त्यांतील सर्वांत जुनी मापे होत. 1957 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरवले, तेव्हा ते 176 ओळी व प्रत्येक ओळीत 176 ठिपके एवढ्यात बसवले गेले आणि ठिपका काळा की पांढरा हे सांगण्यास एक बिट पुरला. 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. या चिपमध्ये प्रकाशामुळे साठलेला विद्युतभार एका पेशीतून दुसरीत सरकवत क्रमाने वाचला जातो.

17 मार्च 1988 रोजी अवकाशात गेलेल्या आयआरएस-1ए या भारतीय उपग्रहाच्या लिस-1 कॅमेऱ्यात प्रत्येक वर्णपट्ट्यासाठी अशा 2048 पेशींची एक ओळ होती. उपग्रह पुढे सरके तशी जमिनीची एकेक ओळ नोंदली जाई. त्यामुळे रुंदी पेशींच्या संख्येने ठरली, तर उंची उपग्रहाने कापलेल्या अंतराने. एका ठिपक्याची बाजू जमिनीवर 72.5 मीटर, म्हणजे क्षेत्र सुमारे 52 गुंठे असल्याने हिंगोली जिल्ह्यातील पूर्णा नदीवरचा सिद्धेश्वर जलाशय या चित्रात स्पष्ट उमटू शकतो, मात्र एकरभराचे शेत शेजारच्या शेतांत मिसळून जाते.

तिसरे माप बिटखोलीचे, म्हणजे एका ठिपक्याची तीव्रता किती बिटांत नोंदली आहे याचे. लिस-1 ची नोंद 7 बिटांची, म्हणजे 0 ते 127 अशी असे. ती 8 बिटांच्या बाइटमध्ये ठेवून 255 पर्यंतच्या पट्टीवर दाखवली, तर सारा मुलूख काळवंडलेला दिसतो.

चौथे माप ओळीच्या बाइटांतील लांबीचे. विंडोजच्या बीएमपी फाइलमध्ये प्रत्येक ओळ 4 च्या पटीत बसवण्यासाठी शेवटी भरीचे बाइट घातले जातात. जलाशयाचे 101 ठिपके रुंदीचे, ठिपक्याला एक बाइट असलेले चित्र त्यामुळे प्रत्येक ओळीला 104 बाइट घेते. प्रोग्रामरने 101 धरल्यास पुढची प्रत्येक ओळ आणखी तीन ठिपके सरकते आणि काठ तिरपा होत जातो. या फाइलमध्ये बहुधा तळची ओळ आधी साठवतात. हे ध्यानात न घेतल्यास उत्तर-दक्षिण उलटतात.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात आणखी एक माप आले. 1976 मध्ये पेटंट मिळालेल्या कोडॅकच्या ब्राइस बायर यांच्या रचनेत प्रत्येक पेशीवर एकाच रंगाची गाळणी असते आणि चार पेशींत दोन हिरव्या, एक तांबडी व एक निळी असा क्रम असतो. तो क्रम चुकला तर तांबडे निळे होते.

ही सर्व मापे बरोबर असली तरी साधा बिटमॅप ठिपके मोजतो, जमीन नव्हे. जलाशयाचे क्षेत्र काढताना 72.5 मीटर हा आकडा प्रोग्रामरलाच वेगळा पुरवावा लागतो.